लिनक्सवर आवाज येत नाही? या चुका टाळा

ओळखीत कुणाच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून दिलं की हमखास फोन येतो, ‘आवाज गेला.’ बिघाड बहुतेक वेळा किरकोळ असतो. त्याचा विचका होतो तो घाईमुळे.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे कारण न शोधता सॉफ्टवेअर उडवणं. ऐरोलीतल्या एका मुलाची दुसऱ्या दिवशी ऑनलाइन मुलाखत होती. उबुंटूवर, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकारावर, स्पीकर गप्प. त्याने कुठलीतरी जुनी कमांड चिकटवून पल्सऑडिओ हे आवाज सांभाळणारं सॉफ्टवेअर काढलं, वर ‘ऑटोरिमूव्ह’ ही नको असलेली पॅकेजं काढणारी कमांड चालवली. काय काय निघणार याची लांबलचक यादी समोर आली होती, ती न वाचताच ‘वाय’ दाबला. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला तो थेट काळ्या पडद्यावर, डेस्कटॉप गायब. मी ठाण्याहून रात्रीच गेलो, सगळं परत बसवलं. मग टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर हा आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्रॅम उघडला, एफ-६ दाबून खरं साउंड कार्ड निवडलं. स्पीकरच्या पट्टीखाली ‘एमएम’ दिसत होतं, म्हणजे म्यूट. ‘एम’ दाबला आणि आवाज आला. एवढंच होतं!

म्हणून मी नेहमी खालून वर जातो. तळाशी कर्नलमधलं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातलं अल्सा, ते हार्डवेअरशी बोलतं, २००३च्या २.६ कर्नलपासून ते तिथे आहे. त्याच्यावर पल्सऑडिओ किंवा पाइपवायर सगळ्या अ‍ॅपचे आवाज एकत्र करतं. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या ३४व्या आवृत्तीने २०२१मध्ये पाइपवायर घेतलं, उबुंटूने २२.१० आवृत्तीपासून. त्याआधीचे उपाय आजच्या मशीनवर डोळे झाकून चालवू नका.

सेटिंगमध्ये खऱ्या स्पीकरऐवजी ‘डमी आउटपुट’ हे नुसतं नावापुरतं आउटपुट दिसलं की लोक पाइपवायर पुन्हापुन्हा रीस्टार्ट करत बसतात. आधी टर्मिनलमध्ये ‘एप्ले’ कमांडला डॅश-एल जोडून साउंड कार्डांची यादी पाहा. यादीच रिकामी असेल, तर दुखणं खाली, अल्साच्या थरात आहे. नव्या इंटेल लॅपटॉपवर बऱ्याचदा ‘साउंड ओपन फर्मवेअर’चं पॅकेज राहिलेलं असतं.

कार्ड दिसतंय, तरी आवाज नाही? तो एचडीएमआयकडे, म्हणजे बाहेरच्या टीव्ही-मॉनिटरच्या जोडणीकडे जात असेल. पाव्हूकंट्रोल या आवाजाच्या सेटिंगच्या अ‍ॅपमध्ये आउटपुट बदला.

पाइपवायरच्या कमांडला सुडो (अ‍ॅडमिनचे हक्क देणारा शब्द) लावू नका, ते तुमच्या युजरखाली चालतं.

ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू करताच गाणी फोनवरच्यासारखी ऐकू येतात, तो बिघाड नव्हे. चांगल्या आवाजाच्या ए२डीपी या ब्लूटूथ प्रोफाइलमध्ये माइक नसतो, म्हणून माइक लागला की हेडफोन कॉलच्या हलक्या आवाजाच्या प्रोफाइलवर जातो. मीटिंगला मी लॅपटॉपचाच माइक वापरतो.