युरोलॉजी-हार्मोनवाल्याची पेपर लिस्ट कशी वाचायची, आणि आपली कशी सुरू करायची

युरोलॉजीत रिसर्च करायचा म्हटलं की आधी गाईड शोधावा लागतो, आणि गाईड शोधणं म्हणजे त्याची पब्लिकेशन लिस्ट उघडून बसणं. नवीन मुलं हमखास विचारतात, पेपर किती आहेत? मी बरीच वर्षं प्रोस्टेट आणि टेस्टोस्टेरॉनच्याच नादात आहे, माझं म्हणणं एवढंच की आकडा सोडा, माणूस कुठला प्रश्न धरून बसलाय ते शोधा.

आकड्याने फसायला होतं. दोनशे पेपर दिसतात, उघडून बघावं तर ढीगभर केस रिपोर्ट, संपादकाला लिहिलेली पत्रं, आणि मोठ्या ट्रायलच्या लांबलचक यादीत मधेच कुठेतरी नाव. एच-इंडेक्सचंही तसंच. २००५ मधे हर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने तो काढला, इंडेक्स २० म्हणजे किमान २० पेपरना प्रत्येकी किमान २० सायटेशन (दुसऱ्या पेपरांनी दिलेले संदर्भ), पण त्या पेपरवर नाव पहिलं होतं की बत्तिसावं हे त्यात कळतच नाही. आपल्या फील्डमधे साधारणपणे पहिलं नाव राबणाऱ्याचं आणि शेवटचं टीम चालवणाऱ्याचं, तर आधी ही दोन टोकं बघायची.

मी पबमेडवर, म्हणजे मेडिकल पेपरच्या ऑनलाइन सूचीत, नाव टाकते, तारखेने लावते आणि सगळ्यात जुन्या पेपरपासून पुढे येते. आडनाव आणि इनिशियल सारखं असलेली भलतीच माणसं मधे घुसतात, दाताच्या डॉक्टरचे पेपरही येतात, म्हणून ऑर्किड नंबर (प्रत्येक संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक) असेल तर तो वापरायचा.

आता वाचताना तो माणूस कुठे उभा आहे हे कळायला फील्डचा इतिहास थोडा माहीत हवा. १९४१ मधे हगिन्स आणि हॉजेस यांनी दाखवलं की अंडकोष काढले किंवा इस्ट्रोजेन दिलं, म्हणजे टेस्टोस्टेरॉन खाली आणलं, की पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर आटोक्यात येतो, हगिन्सना १९६६ मधे नोबेल मिळालं. पुढे शॅली आणि गिय्यमां यांनी मेंदूतल्या एलएचआरएच हार्मोनची (त्याच्याच इशाऱ्यावर पुढे टेस्टोस्टेरॉन बनतं) रचना उलगडली, १९७७ चं नोबेल, आणि त्यातून टेस्टोस्टेरॉन पाडणारी इंजेक्शनं आली. या इंजेक्शनांची गंमत म्हणजे सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं आणि मग पडतं, ज्याला फ्लेअर म्हणतात, मणक्यात गाठ असलेल्या पेशंटला ते महागात पडू शकतं. मग फ्लेअर न करणारं डेगारेलिक्स आलं, नंतर तोंडाने घ्यायचं रेलुगोलिक्स, त्याची हीरो ट्रायल २०२० ची.

ही झाली हार्मोन खाली आणायची बाजू. दुसरीकडे तेच हार्मोन बाहेरून द्यायचं, ज्यांचं खरंच कमी आहे त्यांना. इथे हार्टची भीती फार होती, मग २०२३ मधे ट्रॅव्हर्स ट्रायल आली, पाच हजारांवर पुरुष, हार्ट अटॅक-स्ट्रोकसारखे मोठे प्रॉब्लेम प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली डोसपेक्षा) जास्त निघाले नाहीत, पण एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) आणि फुप्फुसातल्या गुठळ्या जास्त दिसल्या. ज्याने दोन्ही बाजूंवर काम केलंय त्याची लिस्ट निवांत वाचा. आणि दरवेळी खालचं डिस्क्लोजर बघा, औषध कंपनीचे पैसे घेतले म्हणून पेपर खोटा होत नाही, पण तो कुठल्या प्रश्नांना हातच लावत नाही हे त्यावरून समजतं.

सगळ्यात जास्त वेळ मेथड्सवर घालवा, नवशिके नेमकं तेच गाळतात. टेस्टोस्टेरॉन सॅम्पल सकाळी घेतलं का? दिवसभरात ते उतरतं, त्यामुळे दुपारच्या सॅम्पलवर 'कमी' म्हटलं तर मला शंका येते. युनिट कुठलं? ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे साधारण १.७ नॅनोमोल प्रति लिटर, इंजेक्शनने त्याच्या खाली आलं की जुन्या व्याख्येनुसार कास्ट्रेट लेव्हल (अंडकोष काढल्यावर असते तितकी पातळी), आणि इतक्या खालच्या पातळीला साध्या इम्युनोअ‍ॅसेवर (लॅबमधल्या नेहमीच्या अँटीबॉडीवाल्या तपासणीवर) फार भरवसा नाही, मास स्पेक्ट्रोमेट्री हवी, ती रेणूचं वजन मोजून जास्त अचूक आकडा देते. हे ज्याच्या पेपरमधे नीट लिहिलेलं असतं त्याच्याकडे शिकायला मिळतं.

स्वतःचं सुरू करताना थेट ट्रायलची स्वप्नं नकोत, जुन्या रेकॉर्डवरचा छोटा ऑडिट चालतो, फक्त एथिक्सची परवानगी आधी. ट्रायल असेलच तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी रजिस्टर करा, मोठी जर्नल्स २००५ पासून त्याशिवाय घेत नाहीत. पैसे भरा, आठवड्यात छापतो असे मेल येतील, डिलीट करा. ऑथरची नावं आणि क्रम डेटा गोळा करायच्या आधीच मेलवर ठरवून घ्या, विभागप्रमुख आहेत म्हणून नाव घालणं आयसीएमजेईच्या (मेडिकल जर्नलच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या) नियमांत बसत नाही (घालतात तरी, काय करणार). ऑर्किड आजच काढून ठेवा आणि पहिल्या पेपरला नावाचं जे स्पेलिंग टाकाल तेच पुढे ठेवा, लग्नानंतर आडनाव बदललं तरी.