ऑटो डार्क वेल्डिंग हेल्मेट घेताय? स्वस्तातलं घ्या, पण या चुका टाळा

इन्व्हर्टर मशीन आता इतकी स्वस्त झालीये की ज्याच्या घरी ग्राइंडर आहे त्याच्या घरी आज ना उद्या वेल्डिंग मशीन येतेच. मशीनबरोबर फुकटात जी हातात धरायची काळी स्क्रीन येते ती एका हातात, होल्डर दुसऱ्या हातात, मग जॉब कोण धरणार, आणि स्क्रीन डोळ्यासमोर आणेपर्यंत रॉड भलतीकडेच टेकलेला असतो. दोन-चार रविवार असे गेले की माणूस ऑनलाइन ऑटो डार्क हेल्मेट, म्हणजे वेल्डिंगचा उजेड पडताच ज्याची काच आपोआप काळी होते ते, शोधायला लागतो. तिथे हजाराच्या आतबाहेरपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंत सगळं दिसतं, फोटोत सगळी सारखीच, फक्त कवटीचं चित्र कमी-जास्त.

हे सगळं घरचं गेट, कुंड्यांचा स्टँड, ट्रॉलीचं सटरफटर काम करणाऱ्यांसाठी लिहितोय. रोज आठ तास आर्क (रॉड आणि लोखंडामधली विजेची झगझगीत ज्वाला) मारणाऱ्यांचा हिशोब वेगळा, त्यांनी भारीतलंच घ्यावं.

वेगाच्या आकड्यावर भुलू नका

जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो तो काच काळी व्हायला लागणारा वेळ, १/२५,००० सेकंद, १/३०,००० सेकंद वगैरे. लोक यावरून भांडतात सुद्धा. १/२५,००० म्हणजे ०.०४ मिलिसेकंद, १/३०,००० म्हणजे ०.०३३, आणि आपली पापणी मिटायलाच त्याच्या हजारो पट वेळ लागतो, तेव्हा यातला फरक घरच्या कामात कोणालाही कळणार नाही.

मुळात काच काळी होणं आणि डोळा वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत लिक्विड क्रिस्टलचे थर असतात, करंट मिळाला की ते काळे होतात, पण त्यांच्या पुढे एक कोटिंग केलेली कायमची फिल्टर काच असते जी अल्ट्राव्हायोलेट आणि इन्फ्रारेड अडवते, हेल्मेट चालू असो, बंद असो, सेल संपलेला असो. रात्री डोळ्यात वाळू टाकल्यासारखं जे होतं ते अल्ट्राव्हायोलेटमुळे होतं. म्हणजे चांगल्या हेल्मेटची काच एखाद्या वेळी काळी झालीच नाही तर डोळे दिपतील, हिरवे-जांभळे ठिपके दिसतील, पण सहसा डोळा भाजणार नाही. ही कल्पना १९८१ साली स्वीडनच्या हॉर्नेल कंपनीने स्पीडग्लास नावाने बाजारात आणली, आजची स्वस्तातली हेल्मेटंही त्याच तत्त्वावर चालतात.

अर्थात हे सगळं फिल्टर खरोखर स्टँडर्डप्रमाणे बनवलेलं असेल तरच. आणि ते घरी तपासायचा कुठलाही उपाय नाही! टीव्हीचा रिमोट दाखवला की काच काळी होते तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय, त्यातून फक्त सेन्सर जिवंत आहे एवढं कळतं, फिल्टर काय अडवतंय ते नाही.

म्हणून फोटो झूम करा आणि आतल्या काचेच्या फ्रेमवर छापलेली ओळ वाचा, खोक्यावरची नको. साधारण ४/९-१३, मग कंपनीची अक्षरं, मग १/१/१/२ असे चार आकडे आणि ३७९ असं असतं. ३७९ म्हणजे ईएन ३७९ हे युरोपियन स्टँडर्ड (नवीन मालावर त्याच्या जागी ईएन आयएसओ १६३२१ दिसायला लागलंय, त्याची खूण वेगळी असते). ४ ही उघड्या अवस्थेतली शेड (काच किती काळी आहे त्याचा नंबर), ९-१३ ही काळी झाल्यावरची. चार आकड्यांतला पहिला काचेतून चित्र किती स्वच्छ दिसतं त्याचा, दुसरा प्रकाश किती विखुरतो म्हणजे धुरकट दिसतं का त्याचा, तिसरा सगळीकडे सारखी काळी होते का त्याचा, आणि चौथा तिरकं बघितल्यावर शेड किती बदलते त्याचा. १ सगळ्यात चांगला, ३ वाईट. बजेटमध्ये १/१/१/२ मिळालं तर उत्तम, १/२/१/२ वर काम चालतं, ३ कुठेही दिसला तर पुढे चला. ज्या लिस्टिंगमध्ये ही ओळ नाहीच आणि विचारल्यावर विक्रेता 'बेस्ट क्वालिटी सर' एवढंच लिहितो, तिथे पैसे घालवू नका.

ऑटो डार्क गॉगल

घेऊ नका. चारपाचशेत मिळतो, दिसतो मस्त, पण गाल, कपाळ, नाक, गळा सगळं उघडं. आर्कचा अल्ट्राव्हायोलेट कातडीलाही भाजतो, अर्ध्या तासाच्या कामात चेहरा लाल होऊन नंतर साल निघते, आणि तापलेली ठिणगी गालावर पडली की हात हलतो तो वेगळाच. अगदी अडचणीच्या जागी, जिथे हेल्मेट आत जातच नाही, तिथे सुद्धा गॉगलवर पूर्ण चेहरा-गळा झाकणारा चामड्याचा मास्क लागतो.

दोन सेन्सरचं घेतलंय आणि मधेच काच उघडी होते

स्वस्त आणि जरा बऱ्या हेल्मेटमधला खरा फरक इथे आहे, आणि नेमकं हेच लोक बघत नाहीत. काचेच्या वर किंवा बाजूला जे छोटे गोल ठिपके दिसतात ते आर्क सेन्सर. स्वस्तात दोन असतात, थोडे जास्त पैसे टाकले की चार. टेबलावर सपाट पट्ट्या जोडताना दोन पुरतात. पण गेटच्या चौकटीत डोकं घालून आतला कोपरा मारायचा असेल, पाइपच्या मागचा जॉइंट असेल, किंवा गाडीखाली झोपून सायलेन्सरचा ब्रॅकेट, तर मधे पाइप येतो, आपलाच हात येतो, सेन्सरला आर्क दिसत नाही आणि काच उघडते. बसतो मग झटका. दोन-तीनदा असं झालं की माणूस नकळत डोळे मिटून वेल्डिंग करायला लागतो, लाइन वाकडी जाते आणि दोष रॉडला. पाइपचं, गेटचं काम जास्त असेल तर चार सेन्सरवर पैसे घालवा, वाटल्यास बाकी फीचर सोडा.

दोनच सेन्सर असतील तर उपाय एवढाच की डोकं अशा कोनात ठेवा की निदान एका सेन्सरला आर्क सरळ दिसेल, आणि सेन्सिटिव्हिटी (किती कमी उजेडाला काच काळी होईल त्याचा नॉब) वाढवा. डिले (आर्क दिसेनाशी झाल्यावर काच उघडायला लागणारा वेळ) पण थोडा वाढवा, म्हणजे क्षणभर आर्क आड गेली तरी काच लगेच उघडणार नाही.

टिग (टंगस्टनच्या टोकाने, गॅसच्या आडोशात करायचं बारीक वेल्डिंग) करणार असाल तर अजून एक भानगड. कमी अँपिअरवर टिगची आर्क शांत असते आणि स्वस्त सेन्सरला ती कळतच नाही, काच लुकलुकायला लागते. स्पेसिफिकेशनमध्ये टिग किती अँपिअरपासून चालेल ते लिहिलेलं असतं, ते बघा. नुसत्या रॉडच्या कामाला याची काळजी नको.

शेड: जास्त काळं म्हणजे जास्त सेफ, असं नाही

नवखा माणूस घाबरून १३ वर लावतो आणि मग त्याला आर्कच्या ठिपक्याशिवाय काहीच दिसत नाही, मग तो मान पुढे काढून काढून जवळ जातो, धूर सगळा नाकात. अल्ट्राव्हायोलेट सगळ्या शेडवर तेवढाच अडतो, शेड फक्त उजेड कमी करते. घरी आपण बहुतेक २.५ एमएमचा ६०१३ (नेहमीचा साधा प्रकार) रॉड ७० ते ९० अँपिअरवर मारतो, त्याला १० पासून सुरू करा. ३.१५ एमएमचा रॉड १००-१३० वर असेल तर १० किंवा ११. मिगला (ज्यात रॉडऐवजी सतत सरकणारी तार असते) ११ च्या आसपास. वितळलेलं लोखंड आणि त्यावर तरंगणारा स्लॅग (रॉडच्या लेपाची वितळलेली मळी) वेगवेगळा दिसला की शेड बरोबर आहे. दिसत नसेल तर एक उतरा, पण आर्क वेल्डिंगला ९ च्या खाली जाऊ नका. ५ ते ८ ची शेड असते ती गॅस कटिंगसाठी, ५-१३ रेंज लिहिलंय म्हणून पाचशे रुपये जास्त देण्यात घरच्या माणसाला काही फायदा नाही.

नुसतं रॉडचंच काम असेल तर ११ नंबरची फिक्स शेड असलेलं ऑटो डार्क पण वाईट नाही, स्वस्त पडतं आणि त्यात नॉब नसल्यामुळे बिघडायलाही कमी.

'नवीन हेल्मेट आणलं पण काही दिसतच नाही'

ही तक्रार इतक्या जणांची असते की हसू येतं. बाहेरच्या पारदर्शक काचेवर आणि आतल्या काचेवर, दोन्हीकडे पातळ प्लॅस्टिकची फिल्म असते, कधी कधी दोन्ही बाजूंनी. ती काढायची असते. कोपऱ्यात नख घालून बघा, निघते. लोक महिनाभर त्याच्यातूनच वेल्डिंग करतात आणि रिव्ह्यूमध्ये एक स्टार देतात.

फिल्म काढूनही धुरकट दिसत असेल तर मागून उजेड येतोय का बघा. पाठीमागे पांढरी भिंत, पत्र्याचं शेड किंवा उघडं दार असेल तर उजेड हेल्मेटच्या आत शिरून काचेवर आपलंच तोंड दिसतं. जागा फिरवा, किंवा डोक्यावरून मागे एक गडद कापड सोडा. आणि जॉबवर उजेड कमी असेल तर एक एलईडी फोकस लावा, उघड्या अवस्थेतली शेड ३-४ असते त्यामुळे संध्याकाळी अंगणात रॉड कुठे टेकायचा तेच दिसत नाही.

काच मनानेच काळी होते, नाहीतर होतच नाही

मनानेच काळी होत असेल तर सेन्सिटिव्हिटी जास्त आहे. ट्यूबलाइट, काही एलईडी, शेजारी दुसरा कोणी आर्क मारतोय, कशानेही ट्रिगर होते. नॉब थोडा खाली आणा. भर दुपारी गच्चीवर काम करताना उलटंसुलटं दोन्ही होतं, कडक उन्हात काच आधीच काळी होऊन बसते नाहीतर आर्क सुरू झाल्यावर सेन्सर गोंधळतो. वर ताडपत्री बांधा, दोन्ही त्रास जातात.

होतच नसेल तर आधी ग्राइंड मोड बघा. ग्राइंड मोडमध्ये काच मुद्दाम काळी होत नाही. बाहेरच्या बाजूला बटण असेल तर चुकून दाबलं जातं, आणि ग्राइंडिंग करून परत रॉड उचलला की पहिला झटका ठरलेला. मग सेन्सरवर धूळ, ठिणग्यांचे चटके आहेत का बघा, मऊ कापडाने पुसा. मग सेल.

सोलर पॅनल दिसतोय म्हणजे सेलची चिंता नाही असं समजू नका. बऱ्याच मॉडेलमध्ये सोलर सेल आर्कच्या उजेडावर सर्किटला मदत करतो, पण आत लिथियम सेल असतोच. तो बदलता येतो का ते घेण्याआधी बघा, सीआर २०३२ किंवा सीआर २४५० असेल तर घड्याळ दुरुस्तीच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. सील केलेला असेल तर सेल मेल्यावर अख्खं फिल्टर फेकायचं, स्वस्त हेल्मेट तिथे महाग पडतं. आणि सेल संपला की काच काळी न होता उघडीच राहते, म्हणून प्रत्येक वेळी काम सुरू करायच्या आधी रिमोट दाखवून किंवा उन्हाकडे धरून एकदा काळी होतेय ना बघायचं. काही हेल्मेटं रिमोटला दाद देत नाहीत, ती उन्हात तपासा. कपाटात महिनोनमहिने पडून असेल तर आधी थोडा वेळ उजेडात ठेवा. पण मे महिन्यात बंद गाडीच्या काचेमागे ठेवू नका, फार उष्णतेने आतले लिक्विड क्रिस्टलचे थर खराब होतात.

धुणं, पुसणं, स्पेअर

फिल्टरला पाणी, थिनर, पेट्रोल काही लावायचं नाही, त्याने कोटिंग आणि प्लॅस्टिक दोन्ही जातात. ठिणग्या झेलायचं काम बाहेरच्या पारदर्शक काचेचं, तीच बदलायची. तिच्याशिवाय एकही टाका मारू नका, एक ठिणगी फिल्टरवर चिकटली की संपलं. या बाहेरच्या काचेचं माप प्रत्येक मॉडेलला वेगळं असतं, आतलं फिल्टर मात्र बऱ्याच हेल्मेटमध्ये ११० बाय ९० एमएम असतं, त्यामुळे स्केल घेऊन मोजल्याशिवाय ऑर्डर करू नका.

चष्मा असेल तर हेल्मेट चष्म्यावर बसतं का आणि आत मॅग्निफायर भिंग घालायची खाच आहे का बघा. चाळिशी लागलेल्यांना काच चांगली असूनही लाइन धूसर दिसते, आणि ते शेड बदलत बसतात. बायफोकलवाल्यांना तर हे भिंग घेतल्याशिवाय मान ताठ ठेवता येत नाही. हेडगिअरचा (डोक्यावरच्या पट्ट्याचा) रॅचेट नॉब, म्हणजे पट्टा आवळायची चकती, स्वस्त हेल्मेटात पहिला घसरतो, आल्या आल्या दहा-बारा वेळा मान झटकून हेल्मेट तोंडावर पाडून बघा, रिटर्नची मुदत असतानाच.

आणि तरीही डोळ्याला वेल्डिंग लागलंच तर

पुष्कळदा ते आपल्याला न लागता बाजूला जॉब धरून उभ्या राहिलेल्या माणसाला लागतं, नाहीतर बघायला आलेल्या पोरांना. त्रास लगेच होत नाही, सहा ते बारा तासांनी रात्री सुरू होतो, डोळे लाल, पाणी, उजेड सहन होत नाही. बटाट्याचे काप, दूध, गुलाबपाणी डोळ्यात घालू नका, इन्फेक्शन व्हायचं. चोळू नका, लेन्स घालत असाल तर काढा, अंधारात डोळे मिटून पडा आणि सकाळी डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. दुकानातून डोळा बधिर करणारे ड्रॉप्स आणून घरीच घालत राहण्याची चूक पुष्कळ जण करतात, दुखणं थांबतं पण बुबुळाची जखम भरायला उशीर होतो. जॉब धरणाऱ्यासाठी फुकट आलेली ती हातातली काळी स्क्रीन ठेवा, टाकून देऊ नका.