फॉर्म १६ पुरेसा नाही: आयकर रिटर्न भरताना या चुका टाळा

पगारदारांच्या रिटर्नमधल्या बहुतेक चुका एकाच समजुतीतून होतात. कंपनीने दिलेला फॉर्म १६ (वर्षाचा पगार आणि त्यातून कापलेला कर यांचा दाखला) म्हणजे आपल्या उत्पन्नाचा पूर्ण हिशोब, असं आपण धरून चालतो. पण त्यात कंपनीला जेवढं ठाऊक आहे तेवढंच येतं. ठेवींचं व्याज, लाभांश, विकलेले म्युच्युअल फंड यांची माहिती बँका, फंड कंपन्या आणि डिपॉझिटरी (शेअर डिजिटल रूपात सांभाळणाऱ्या संस्था) थेट आयकर विभागाला कळवतात. तुम्ही भरलेलं आणि विभागाकडे असलेलं जुळलं नाही, की रिफंड अडकतो नाहीतर नोटीस येते. इथली उदाहरणं आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या रिटर्नची आहेत.

रिटर्न उघडण्याआधी आयकर विभागाच्या पोर्टलवरून फॉर्म २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा तक्ता) आणि एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, उतरवून घ्या. मात्र एप्रिलमध्येच घाई करू नका. जानेवारी ते मार्च या तिमाहीचं टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेल्या कराचं) विवरण द्यायला बँकांना आणि कंपन्यांना ३१ मेपर्यंत मुदत असते, आणि फॉर्म १६ द्यायला १५ जूनपर्यंत. त्याआधी उतरवलेली माहिती अर्धवट निघण्याची शक्यता मोठी.

एआयएसमधला प्रत्येक आकडा डोळे झाकून उचलणंही चूकच. शेअर किंवा फंड विकल्याची तिथली रक्कम ही विक्रीची किंमत असते, नफा नव्हे. नफ्यासाठी ब्रोकरचं किंवा फंडाचं भांडवली नफ्याचं विवरण घ्या. एखादी नोंद तुमची नसेलच, किंवा दोनदा आली असेल, तर त्या नोंदीवर तिथेच अभिप्राय नोंदवायची सोय आहे, ती वापरा. आणि एआयएसमध्ये नाही म्हणून एखादं उत्पन्न करमुक्त होत नाही. गावाकडच्या पतसंस्थेतल्या ठेवीचं व्याज हे नेहमीचं उदाहरण. अनेक पतसंस्था टीडीएस कापत नाहीत, त्यामुळे ते कुठे दिसत नाही. तरी ते करपात्र आहे आणि दाखवायलाच हवं. बँकेने टीडीएस कापला म्हणजे व्याजावरचा कर मिटला, हाही गैरसमजच आहे. बँक १० टक्के कापते, तुमचा दर त्याहून जास्त असेल तर फरक तुम्हालाच भरावा लागतो.

वर्षात नोकरी बदलली असेल तर

सगळ्यात मोठा धक्का इथे बसतो, म्हणून हिशोबच मांडतो. एप्रिल ते सप्टेंबर पहिल्या कंपनीत ६ लाख रुपये पगार मिळाला. कंपनीने वर्षाचे १२ लाख धरले, कर शून्य आला, टीडीएस कापला नाही. ऑक्टोबर ते मार्च दुसऱ्या कंपनीत साडेसात लाख मिळाले. मागचा पगार तिला कुणी सांगितलाच नाही, त्यामुळे तिथेही टीडीएस शून्य. दोन्ही कंपन्यांनी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट (पगारातून सरसकट मिळणारी सूट) आपापल्या परीने दिली. प्रत्यक्षात ती वर्षातून एकदाच मिळते. एकूण साडेतेरा लाखांतून ती वजा केली की करपात्र उत्पन्न १२ लाख ७५ हजार होतं, म्हणजे १२ लाखांच्या सवलतीच्या बाहेर. नव्या करप्रणालीत त्यावर ७१,२५० रुपये कर आणि ४ टक्के उपकर, मिळून ७४,१०० रुपये होतात, वर व्याज. नव्या कंपनीत रुजू होतानाच मागचा पगार आणि टीडीएस लेखी कळवला, तर हीच रक्कम दरमहा थोडी थोडी कापली जाते. आता वर्ष उलटून गेलं असेल तर दोन्ही फॉर्म १६ एकत्र करून हिशोब करा, राहिलेला कर (स्वयंनिर्धारण कर) भरा आणि मगच रिटर्न सादर करा.

‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ याचा अर्थ

ही करमाफी नाही, करात मिळणारी सवलत आहे, आणि ती फक्त नव्या प्रणालीत आहे. त्यामुळे कर शून्य आला तरी एकूण उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर रिटर्न भरणं बंधनकारक आहे. शेअर बाजारातल्या नफ्यावर ही सवलत लागू होत नाही. समजा, वजावटीनंतर पगार ११ लाख आणि शेअरवरचा अल्पकालीन नफा ५० हजार. पगारावरचा कर सवलतीत जाईल, पण नफ्यावर २० टक्क्यांनी १०,००० रुपये आणि उपकर द्यावाच लागेल. असा अल्पकालीन नफा असेल तर रिटर्नचा सर्वात साधा फॉर्म, आयटीआर-१, चालत नाही, आयटीआर-२ घ्यावा लागतो. फ्युचर्स-ऑप्शन्सचे व्यवहार तर व्यवसायाचं उत्पन्न ठरतात आणि ते सहसा आयटीआर-३ मध्ये जातात, तोटा झाला असला तरी.

पुण्यात हिंजवडी-खराडीतल्या, परदेशी कंपन्यांत काम करणाऱ्या मंडळींनी आणखी एक गोष्ट पाहावी. मूळ कंपनीचे शेअर तुमच्या नावावर जमा झाले असतील, तर एकही विकला नसला तरी परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात ते दाखवावे लागतात. तिथे हिशोब जानेवारी ते डिसेंबर असा कॅलेंडर वर्षाचा असतो. हे परिशिष्ट आयटीआर-१ मध्ये नाहीच. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून एकूण परदेशी मालमत्ता २० लाखांच्या आत असेल तर हा दंड लागत नाही, पण दाखवण्याची जबाबदारी तशीच राहते.

जुनी प्रणाली हवी असेल तर

नवी प्रणाली आपोआप लागू असते. जुनी हवी असेल तर ती निवडावी लागते, आणि तीही मुदतीच्या आत. आयटीआर-१ आणि २ साठी नेहमीची मुदत ३१ जुलै. ती चुकली की विलंब शुल्क (५,००० रुपये, उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००) तर लागतंच, पण त्याहून महाग पडतं ते जुनी प्रणाली हातची जाणं. राहत्या घराच्या कर्जाचं व्याज, भाडेभत्ता, विमा यांच्या सगळ्या वजावटी तिच्याबरोबर जातात.

भाडेभत्त्याबाबत पुणेकरांची एक चूक ठरलेली. मूळ पगाराच्या ५० टक्क्यांचा निकष आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या हिशोबात मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चारच शहरांना आहे. पुण्याला ४० टक्के. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन लागतो, आणि त्याच्या रिटर्नमध्ये ते भाडं दिसतं का हे विभागाला सहज तपासता येतं. आईवडिलांना भाडं देत असाल तर खरोखर बँकेतून द्या, आणि त्यांनीही ते उत्पन्नात दाखवावं.

रिफंड वाढवून देतो, त्यातले काही टक्के मला द्या, असं सांगणाऱ्यांपासून मात्र कळकळीने सांगतो, दूर राहा. हे लोक न दिलेल्या देणग्या आणि न भरलेले विमाहप्ते टाकून रिफंड फुगवतात. आता रिटर्नमध्ये पॉलिसी क्रमांक, कर्जखात्याचा क्रमांक असे तपशील मागितले जातात. खोटी माहिती सिद्ध झाली तर बुडवलेल्या कराच्या दुपटीइतका दंड आहे. तो तुमच्या पॅनवर लागतो, त्या माणसाच्या नाही. तोवर त्याचा फोनही लागत नसतो. असा दावा आधीच गेला असेल तर नोटिशीची वाट पाहू नका. सुधारित रिटर्न भरा, त्याची मुदत गेली असेल तर अद्ययावत रिटर्न भरून जास्तीच्या करासह तो मागे घ्या.

सादर केलं, तरी काम बाकी आहे

रिटर्न सादर केल्यापासून ३० दिवसांत ई-व्हेरिफाय (ऑनलाइन पडताळणी) केलं नाही तर मूळ तारीख धरली जात नाही, आणि उशीर झाला की विलंब शुल्क लागू शकतं. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीने दोन मिनिटांत होतं. नसेल तर नेटबँकिंग आहे, किंवा सही केलेली पोच बेंगळुरूच्या केंद्राला टपालाने पाठवता येते.

रिफंड येत नसेल तर आधी बँक खातं पाहा. ते पोर्टलवर प्रमाणित झालेलं हवं, नाव पॅनशी जुळायला हवं. देना, सिंडिकेट, कॉर्पोरेशन अशा विलीन झालेल्या बँकांचा जुना आयएफएससी कोड राहून गेलेला असतो. तो बदला, खातं पुन्हा प्रमाणित करा आणि रिफंड पुन्हा पाठवण्याची विनंती करा.

शेवटी प्रोफाइलमधला मोबाइल आणि ईमेल तपासा. कित्येकांच्या खात्यात तिथे सीएच्या ऑफिसचा किंवा जुन्या एजंटचा नंबर असतो, आणि विभागाचं पत्र भलत्याच माणसाकडे जातं. रिटर्न सदोष असल्याची नोटीस आली तर दुरुस्तीला साधारण १५ दिवसच मिळतात. ती वेळेत केली नाही तर रिटर्न भरलंच नाही असं धरलं जाऊ शकतं. नंबर स्वतःचा टाका, आणि रिटर्न भरल्यानंतर काही महिने पोर्टलवरच्या ‘प्रलंबित कृती’ या भागात अधूनमधून डोकावत राहा.