ठाण्याहून दोघांसाठी दोन दिवसांची इचलकरंजी

वागळे इस्टेटच्या धुराड्यांखाली वाढलेल्या आणि गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिलेले पाहिलेल्या ठाणेकर जोडप्याला चालते कारखाने असलेले गाव पाहायचे असेल, तर कोल्हापूर जिल्ह्यातली यंत्रमागांची इचलकरंजी निवडावी. प्रेक्षणीय स्थळांची यादी घेऊन मात्र तेथे जाऊ नये. सहलीची आखणी मागांच्या वेळेनुसार करावी.

शुक्रवारी रात्री कल्याणहून महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडावी आणि सकाळी हातकणंगल्याला उतरावे. तेथून गाव जेमतेम आठ-दहा किलोमीटरवर आहे. जुलै-ऑगस्ट टाळावा, कारण पंचगंगा आणि कृष्णा या दोन्ही नद्यांना त्या काळात पूर येतो. मुक्काम साध्या लॉजमध्ये करावा लागेल, हे आधीच मान्य केलेले बरे.

विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली येथे पहिला यंत्रमाग बसवला आणि जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी या उद्योगाला आश्रय दिला. आजही गल्लीतून चालताना पत्र्याच्या शेडमधून येणारा खडखडाट ऐकू येतो. तो नीट समजून घ्यायचा असेल, तर एखाद्या कारखानदाराची ओळख काढून, माग कोणत्या दिवशी बंद असतात हे विचारून आणि रीतसर परवानगी घेऊनच आत जावे. आधी सायझिंग पाहावे, कारण ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला खळ दिल्याशिवाय ते मागावरच्या घर्षणात टिकत नाही. त्यानंतर साधा माग पाहावा, ज्यात धोटा आडवे सूत घेऊन ताण्यातून इकडून तिकडे फेकला जातो आणि प्रत्येक फेकीला तो ठोका बसतो. शेवटी एअरजेट पाहावा, जेथे धोट्याचे काम हवेचा झोत करतो. या क्रमाने पाहिल्यास सव्वाशे वर्षांचा बदल दुपारभरात कळतो. ओढणी आणि साडीचा पदर खोचून घ्यावा, सुताला हात लावू नये, आणि कामगारांना विचारल्याशिवाय त्यांचे फोटो काढू नयेत. आत एकमेकांशी बोलता येत नाही. आमच्यासारख्या वादप्रिय दांपत्याला ते पथ्यकरच ठरले.

संध्याकाळी पंचगंगेच्या घाटावर बसावे. १९७४ चे मराठी साहित्य संमेलन पु. ल. देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली याच गावात भरले होते, हे ठाऊक असले की गावाकडे नुसते कापडाचे गाव म्हणून पाहिले जात नाही.

रविवारी सकाळी लवकर रिक्षा किंवा गाडी ठरवून खिद्रापूरला जावे. कोपेश्वराच्या बाराव्या शतकातील शिलाहारकालीन मंदिराचा स्वर्गमंडप वर गोलाकार उघडा आहे. बरोबर त्याखालच्या शिळेवर उभे राहून वर पाहावे. सतीच्या वियोगाने कोपलेल्या शंकराची समजूत विष्णूने घातली, म्हणून गाभाऱ्यात कोपेश्वराशेजारी धोपेश्वर, म्हणजे विष्णूही आहे, अशी आख्यायिका आहे. येथे नंदी नाही. तो सतीबरोबर गेला, असे सांगतात. रुसव्याची ही कथा जोडीने ऐकावी.

परतताना नृसिंहवाडीला दत्तदर्शन घेऊन रात्रीच्या महालक्ष्मीसाठी हातकणंगले गाठावे. वाडीची बासुंदी तेथेच खावी. कवठाची बर्फी मात्र ठाण्यापर्यंत निर्धास्त आणता येते.