सोलमध्ये शेगडीच्या टेबलाला बसण्याआधी

रांजणगाव, तळेगाव, चाकण या पट्ट्यातून बरीच मंडळी हल्ली ट्रेनिंगला कोरियात जातात, आणि तिकडे पोचल्यावर लवकरच एक संध्याकाळ अशी येते की अख्खं डिपार्टमेंट उठून जेवायला निघतं. याला ते ह्वेशिक म्हणतात, आणि ते बहुतेक वेळा सामग्योप्सलच्या हॉटेलातच असतं. सामग्योप्सल म्हणजे डुकराच्या पोटाकडचं चरबीदार मांस, त्याचे जाड पट्टे कच्चे आणून देतात आणि टेबलातच बसवलेल्या शेगडीवर आपले आपण भाजायचे. तिथे कोणी समजावत वगैरे बसत नाही, सगळ्यांना लहानपणापासून माहिती असतं. म्हणून हे लिहितोय. सगळा खेळ क्रमाचा आहे बघा, काय आधी, काय नंतर आणि चिमटा कोणाच्या हातात, एवढं कळलं की बाकी मजाच मजा.

सगळ्यात आधी तुम्ही काय खात नाही ते ठरवा आणि टेबलावर नाही, आदल्या दिवशी ऑफिसमध्येच सांगून टाका, कारण एकदा शेगडी पेटली की सगळं एकाच जाळीवर भाजलं जातं. मेनूतले तीन शब्द पाठ करा: द्वेजी म्हणजे डुक्कर, सो म्हणजे बीफ, डाक म्हणजे चिकन. बुलगोगी आपल्याकडे सगळ्यांना ऐकून माहितीये पण ती साधारण बीफचीच असते. गाल्बी म्हणजे बरगडीचं मांस, द्वेजी गाल्बी असेल तर डुक्कर, आणि नुसतं गाल्बी लिहिलं असेल तर विचारा, बहुतेक बीफच निघेल. फक्त चिकन खाणाऱ्यांनी सरळ डाक गाल्बीच्या हॉटेलात चला म्हणावं, चुनचॉन शहराचा प्रकार आहे, मोठ्या तव्यावर चिकन, कोबी, रताळं आणि लाल तिखट मसाला, आपल्या जिभेला लगेच पटतं. आणि कोकणातले असाल तर जोगे-गुई, म्हणजे जाळीवर भाजलेल्या शिंपल्या! इंचॉन एअरपोर्टच्या जवळच उलवांगनी नावाचा बीच आहे, तिथे त्याचीच हॉटेलं आहेत, ज्याला तिसऱ्या आवडतात त्याने ते सोडू नये.

शाकाहारी लोकांना खोटा धीर देत नाही. मश्रूम, लसूण, कांदा जाळीवर भाजता येतो पण जाळी तीच. किमचीत, म्हणजे त्यांच्या आंबवलेल्या तिखट कोबीत, सहसा फिश सॉस नाहीतर खारवलेली कोळंबी असते, आणि सोयाबीनच्या आंबवलेल्या पेस्टचं जे कालवण येतं, देन्जांग जिगे, त्याच्या पाण्यात बऱ्याचदा सुकी मासळी उकळलेली असते. भात आणि पानं खाऊन गप्पा मारायची तयारी असेल तरच जा.

कपडे धुता येतील असे घाला. डोक्यावर धूर ओढणारा पाइप लोंबत असतो तरी वास लागायचा तो लागतोच. स्टुलाचं झाकण उघडून बघा, बऱ्याच ठिकाणी आत पोकळ असतं, जॅकेट आणि बॅग त्यात टाकायची, नाहीतर मोठी प्लास्टिकची पिशवी देतात. एप्रन मागितला की मिळतो. चमचे आणि स्टीलच्या चॉपस्टिक्स टेबलाच्या बाजूच्या ड्रॉवरमध्ये असतात, नवीन माणूस दहा मिनिटं चमचा शोधत बसतो. वेटरला बोलवायला टेबलावर बेल असते, ती दाबायची, अजिबात उद्धटपणा वाटत नाही. बेल नसेल तर 'जोगियो' म्हणून जरा मोठ्याने हाक मारा, हळू आवाजात कोणी ऐकत नाही.

ऑर्डर इन्बुनमध्ये होते, म्हणजे एका माणसाचा वाटा, साधारण 150 ते 200 ग्रॅम. पहिली ऑर्डर बहुतेक ठिकाणी किमान 2 इन्बुनची घ्यावी लागते, त्यामुळे एकट्याने जाणं महागात पडतं. सोलमध्ये 2024 साली 200 ग्रॅम सामग्योप्सलचा सरासरी भाव 20 हजार वॉनच्या वर गेला, म्हणजे आपले 1,200 च्या आसपास, आणि हे नुसतं मांसाचं बरं का. पण मेनूवर लिहिलेली किंमत शेवटची असते, टॅक्स त्यातच, टिप नाही, सर्व्हिस चार्ज नाही. मांस कुठलं आहे तेही भिंतीवर किंवा मेनूत लिहिणं त्यांना कायद्याने बंधनकारक आहे, ऑस्ट्रेलियाचं, अमेरिकेचं की देशातलं. बीफमध्ये हानू लिहिलेलं दिसलं तर ते त्यांचं देशी जनावर, भाव बघूनच कळेल. कंपनीच्या कार्डावर असेल तेव्हाच मागवा असं माझं मत. आणि एकदम ढीगभर मागवू नका, माणशी एक वाटा मागवायचा, तो संपत आला की पुढचा.

मांस येण्याआधी टेबल छोट्या वाट्यांनी भरून जातं. ते बानचान, म्हणजे तोंडीलावणं, फुकट असतं, संपलं की परत मागायचं किंवा कोपऱ्यातल्या सेल्फ-बारवरून स्वतः आणायचं. तिथून ताट भरून आणून टाकून दिलेलं मात्र त्यांना आवडत नाही, काही ठिकाणी त्याचा दंड लिहिलेला असतो.

आता भाजणं. इथे घाई करणारा माणूस सगळ्यांचं जेवण बिघडवतो. जाळी किंवा तवा चांगला तापू द्या, पट्टा ठेवल्यावर चर्र आवाज आला पाहिजे, नाही आला तर उचला आणि थांबा. पट्टे अख्खेच ठेवायचे, आधी कापायचे नाहीत. खालून सोनेरी झालं की उलटायचं, दुसरी बाजू धरायला लागली की चिमट्याने उचलून कात्रीने घासाएवढे तुकडे करायचे आणि मग कापलेल्या कडा परत भाजून घ्यायच्या. हो, कात्रीच, तिकडे स्वयंपाकघरात कात्री सुरीइतकीच चालते. तवा बहुतेक एका बाजूला उतरता असतो, चरबी वाहत खाली येते, त्या खालच्या कडेला किमची आणि लसणाच्या चकत्या लावून ठेवा. डुकराच्या चरबीत परतलेली जुनी आंबट किमची हा खरं तर त्या टेबलावरचा सगळ्यात भारी पदार्थ आहे, मांस दुय्यम, हे मी कोणासमोरही म्हणायला तयार आहे. डुक्कर पूर्ण शिजवायचं, त्यात हिरोगिरी नको. बीफचं उलट, जास्त ठेवलं की चिवट होतं, आणि चादोल्बेगी म्हणून कागदासारखे पातळ काप येतात ते तर टाकले-उलटले-काढले एवढंच.

मसाला लावलेलं मांस, म्हणजे गाल्बी वगैरे, नेहमी नंतर. त्यात सोया सॉस, साखर, पेअर फळाचा रस असतो, ते पटकन करपतं आणि जाळी काळी करतं, मग पुढचं साधं मांस कडू लागतं. जाळी काळी झालीच तर 'बुलपान कारा जुसेयो' म्हणा, नवीन आणून देतात, त्याचे पैसे घेत नाहीत.

चिमटा कोणाकडे हा प्रश्न नाजूक आहे. टीममध्ये साधारण सगळ्यात ज्युनियर माणूस भाजतो, आणि महागड्या हॉटेलात स्टाफच येऊन भाजतो, तिथे आपण मध्येच तुकडे उलटत बसलो तर त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. पाहुणे म्हणून गेलात तर एकदा 'मी करू का' विचारा, नाही म्हणाले की गप्प बसा. आणि खायला सुरुवात वयाने मोठा माणूस करतो, तोपर्यंत चॉपस्टिक खाली.

पहिला तुकडा नुसता मिठाला किंवा तिळाच्या तेलात मीठ-मिरी घातलेल्या वाटीत बुडवून खा. मग पान घ्यायचं, लेट्यूसचं, त्यावर हवं तर क्केन्निपचं उग्र वासाचं पान (हे पहिल्यांदा औषधी लागतं, तिसऱ्या वेळेपासून त्याच्याशिवाय चालत नाही), त्यात एकच तुकडा मांस, चिमूटभर साम्जांग (सोयाबीनची तिखटसर घट्ट पेस्ट), लसूण, मिरची, थोडी कांद्याच्या पातीची कोशिंबीर, आणि गुंडाळून विड्यासारखं अख्खं तोंडात. चावून अर्धं हातात ठेवायचं नाही. म्हणून लोभ आवरा, लहान बांधा. जेजू बेटावर गेलात तर तिथल्या काळ्या डुकराबरोबर शेगडीवरच उकळणारी मेलजॉत नावाची माशाची चटणी येते, आपल्या सुकटप्रेमींना घरचीच वाटेल.

सोजू म्हणजे त्यांची दारू, तिचा ग्लास छोटा दिसतो पण ती साधारण 16 टक्के असते आणि बाटली 360 मिलीची, शिवाय बीअरमध्ये मिसळून सोमेक करतात तेव्हा हिशोब राहत नाही. आपला ग्लास आपण भरायचा नाही, दुसऱ्याचा भरायचा, मोठ्यांना ओतताना आणि त्यांच्याकडून घेताना दोन्ही हात, पिताना तोंड जरा बाजूला. पीत नसाल तर सायडर मागवा, घाबरू नका, तिकडे सायडर म्हणजे लिंबाचा सोडा, दारू नाही.

मांस संपत आलं की वेटर विचारते 'शिक्सा?' म्हणजे आता जेवण काय घेणार. एवढं खाल्लं ते काय होतं हा प्रश्न तिला विचारू नका. पर्याय साधारण तीन: भात आणि देन्जांग जिगे, बर्फाच्या पाण्यातलं नेंगम्यॉन (थंड नूडल्स), किंवा त्याच तव्यावर उरलेल्या किमचीत परतलेला भात. नेंगम्यॉन कात्रीने कापून घ्या, व्हिनेगर आणि मोहरी घाला, धुराने तापलेल्या तोंडाला फार बरं वाटतं, पण त्याचं पाणी बहुतेक बीफचं असतं हे न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. परतलेला भात आला तर लगेच उकरू नका, तव्यावर दाबून पसरवा आणि खाली खरवड धरू द्या, ती खरवड ओरबाडायला मग मॅनेजरसुद्धा पुढे येतो.

बिल टेबलावर नाही, दारातल्या काउंटरवर द्यायचं, कार्ड सगळीकडे चालतं. ह्वेशिकला साहेब भरतो, तेव्हा बाहेर पडताना त्याला 'चाल मोगॉस्सम्निदा' म्हणा, छान जेवलो असं, एवढं कोरियन आलंच पाहिजे. दारात कपड्यांवर मारायचा स्प्रे असतो, तो मारा. फुकट कॉफीचं मशीनही असतं बऱ्याचदा. आणि कोणी 'इ-छा' म्हणालं तर समजा दुसरा राउंड, दुसरं हॉटेल, तिथे जायचं की नाही ते घड्याळ बघून ठरवा, सोलची मेट्रो मध्यरात्रीच्या आसपास बंद होते आणि टॅक्सीला त्या वेळेला रात्रीचा जादा दर लागतो.