सोलापूरच्या कचऱ्याचे गणिती मॉडेल कसे मांडावे

मॉडेलची सुरुवात प्रक्रिया केंद्रापासून नव्हे, तर घंटागाडीतल्या कचऱ्यापासून करावी. उन्हाळ्यातील व पावसाळ्यातील नमुने वेगवेगळे घेऊन ओला, सुका व घरगुती घातक कचरा, तसेच यंत्रमागांच्या वस्तीतील सुताच्या चिंध्या, यांचे स्वतंत्र वजन करावे; ओलावाही आवर्जून मोजावा, कारण जाळून मिळणारी ऊर्जा त्यावर बरीच अवलंबून असते. मग खत, बायोगॅस, जाळून ऊर्जा, पुनर्वापर व भराव (कचरा जमिनीत पुरणे) या प्रत्येक पर्यायाचा प्रतिटन खर्च, उत्पन्न आणि उत्सर्जन काढावे. भरावातून सुटणारा मिथेन १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवतो, म्हणून तो वगळणे अक्षम्य आहे. वाहतुकीचे डिझेलही धरावे. त्यानंतर वर्गीकरणाचे प्रमाण कमी-जास्त करून पाहावे. माझ्या मते निकाल सर्वाधिक त्यानेच बदलतो.