रॉस २ च्या कोडसाठी क्लँग-टायडीचा कंटेनर

रॉस २ (रोबोटसाठीची सॉफ्टवेअर चौकट) साठी लिहिलेला सी प्लस प्लस कोड तपासायचा असेल, तर क्लँग-टायडी हे कोड न चालवता त्यातले दोष शोधणारे साधन एखाद्या कोऱ्या उबुंटू इमेजमध्ये (डॉकरचा कंटेनर ज्यावरून सुरू होतो त्या साच्यात) बसवून भागत नाही. आरसीएलसीपीपीची (रॉस २ च्या सी प्लस प्लस लायब्ररीची) हेडर फाइल सापडत नाही, एवढे सांगून ते पहिल्याच फाइलवर अडते. हे साधन कंपायलरप्रमाणे संपूर्ण फाइलचा अर्थ लावते आणि त्यासाठी त्याला मूळ बिल्डमधलीच हेडर्स, पर्याय आणि मॅक्रो लागतात. त्यातच मेसेज आणि सर्व्हिस यांची हेडर्स रिपॉझिटरीत नसतातच. ती बिल्डच्या वेळी तयार होतात. म्हणून इमेजमध्ये आधी बिल्डचे संपूर्ण वातावरण उभे करावे आणि तपासणीचे साधन सर्वांत शेवटी बसवावे.

पायाभूत इमेज रोबोटवर चालणाऱ्या रॉस २ च्या आवृत्तीचीच घ्यावी. हंबल या आवृत्तीची इमेज उबुंटू २२.०४ वर, तर जॅझी या आवृत्तीची २४.०४ वर उभी आहे. त्यांच्या भांडारांतून क्लँग-टायडीची अनुक्रमे १४ आणि १८ ही आवृत्ती मिळते. अधिकृत रॉस इमेजपैकी ‘कोअर’ टॅगची इमेज आटोपशीर असली, तरी तिच्यात कोलकॉन (बिल्ड करणारे साधन) आणि रॉसडेप (अवलंबित पॅकेजे बसवणारे साधन) नसतात, त्यामुळे ‘बेस’ टॅग घेणे श्रेयस्कर. एकाच टॅगखालील इमेज वेळोवेळी नव्याने बांधली जात असल्याने डॉकरफाइलमध्ये (इमेज बांधण्याच्या आज्ञांच्या फाइलमध्ये) टॅगबरोबर डायजेस्टही, म्हणजे त्या नेमक्या इमेजचा ओळख-हॅशही, नोंदवावे. नाहीतर कोडला हातही न लावता अहवाल बदलू शकतो.

डॉकरफाइल लिहिताना खरा विचार करावा लागतो तो थरांच्या, म्हणजे एकेका आज्ञेतून बनणाऱ्या इमेजच्या भागांच्या, क्रमाचा. संपूर्ण सोर्स कॉपी करून मग रॉसडेप चालवल्यास, एका ओळीच्या बदलानेही सर्व अवलंबित पॅकेजे पुन्हा उतरवली जातात. यासाठी पहिल्या टप्प्यात सोर्स कॉपी करून त्यातील ‘पॅकेज डॉट एक्सएमएल’ (अवलंबित पॅकेजांची यादी असलेल्या) फाइली तेवढ्या ठेवाव्यात आणि बाकी सर्व पुसावे. दुसऱ्या टप्प्यात त्या फाइली घेऊन, अ‍ॅप्टची यादी ताजी करून, रॉसडेपने पॅकेजे बसवावीत. मग जोवर त्या फाइली आणि पायाभूत इमेज तशीच आहे, तोवर कॅशमधला हा थर वापरता येतो.

आणखी एक गोष्ट नवख्यांना हमखास चकवते. रॉसचे वातावरण लोड करणारी एंट्रीपॉइंट स्क्रिप्ट कंटेनर सुरू होताना चालते. इमेज बांधतानाच्या ‘रन’ आज्ञांना किंवा ‘डॉकर एक्झेक’ने दिलेल्या आज्ञांना ती लागू होत नाही. शिवाय ‘रन’चे मूळ शेल बॅश नसल्यामुळे तेथे ‘सोर्स’ ही आज्ञाही चालत नाही. अशा ठिकाणी शेल स्पष्टपणे बॅश ठरवावे आणि सेटअप फाइल स्वतः लोड करावी.

कंटेनर चालवताना सोर्सचे फोल्डर केवळ वाचनासाठी जोडावे. बिल्ड, इन्स्टॉल आणि लॉग यांसाठी वेगळा व्हॉल्यूम (डॉकरची साठवणीची जागा) द्यावा. वापरकर्त्याचा क्रमांक यजमान यंत्रावरचाच ठेवल्यास अहवालाच्या फाइली रूटच्या मालकीच्या होत नाहीत. मात्र त्या व्हॉल्यूमवर त्या क्रमांकाला लिहिण्याची परवानगी हवी. त्यानंतर कोलकॉनने बिल्ड करताना सीमेकचा कंपाइल कमांड्स निर्यात करण्याचा पर्याय सुरू करावा. त्यातून प्रत्येक फाइल कोणत्या आज्ञेने कंपाइल होते याची नोंद असलेली जेसॉन फाइल तयार होते आणि तिच्यातील मार्ग संपूर्ण असतात. तीच फाइल एडिटरलाही वापरायची असेल, तर फोल्डरांचे मार्ग कंटेनरच्या आत आणि बाहेर सारखेच असले पाहिजेत.

आता क्लँग-टायडीला ही जेसॉन फाइल दाखवावी. तपासणी सोर्स फोल्डरपुरती मर्यादित ठेवावी, कारण मेसेजांवरून आपोआप तयार झालेल्या फाइलींविषयीच्या सूचना कोणीच दुरुस्त करणार नसतो. केवळ इशारे निघाल्यास हे साधन यशस्वी निकालच कळवते, त्यामुळे ज्या नियमांवर बिल्ड थांबायला हवे ते त्रुटी म्हणून घोषित करावे लागतात. सोबत अमेंट या रॉस २ च्या बिल्ड प्रणालीतून सीपीपीचेक हे कोड तपासणारे दुसरे साधन वापरत असल्यास अधिक सावध राहावे: उबुंटू २२.०४ मधील सीपीपीचेकची आवृत्ती संथ असल्यामुळे अमेंट ही तपासणी मूळ स्थितीत वगळते, आणि तरीही निकाल हिरवाच दिसतो. संथ आवृत्तीला परवानगी देणारे पर्यावरण चल डॉकरफाइलमध्येच ठरवून द्यावे.

इमेज वापरात आणण्यापूर्वी तिच्यासमोर मुद्दाम सदोष नोड (रॉस २ चा छोटा प्रोग्राम) ठेवावा. त्यात मेसेजचा युनिक पॉइंटर ‘मूव्ह’ करून प्रसिद्ध करावा आणि पुढच्याच ओळीत त्याच पॉइंटरमधून मेसेजचे मूल्य लॉगमध्ये छापावे. हा कोड विनातक्रार कंपाइल होतो, पण ‘मूव्ह’नंतर पॉइंटर रिकामा झालेला असल्यामुळे चालताना कोसळतो. ‘मूव्ह’नंतरचा वापर पकडणारा बगप्रोन गटातील नियम सुरू आणि त्रुटी म्हणून घोषित असताना क्लँग-टायडीने नेमक्या त्या ओळीवर बोट ठेवले आणि कंटेनर शून्येतर निकालाने बंद झाला, तर इमेज तयार आहे. अहवाल कोरा आला, तर आधी जेसॉन फाइलमध्ये त्या नोडची नोंद आहे का ते पाहावे, आणि मग फाइली गाळण्याचा नियम तपासावा.